गणपतीला ऑटोमॅटिक गाडीने कोकणात: घाट, पाऊस आणि कोंडीत गिअर कसा हाताळायचा

प्रश्न थोडक्यात असा: पंधरा वर्षं मॅन्युअल गाडी चालवली, आता ऑटोमॅटिक घेतली आहे. गणपतीला पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगाव आणि पुढे मुंबई-गोवा महामार्गाने कणकवलीला जायचं आहे. घरची पाच माणसं आणि डिकी भरून सामान. सिग्नलला डी (ड्राइव्ह, पुढे जायचा) ठेवायचा की एन (न्यूट्रल)? घाट उतरताना डी मध्येच ठेवून ब्रेक मारत गेलं तर चालतं का? उतारावर गाडी लावली तर पी (पार्किंग) पुरतो का? पावसात वेगळं काही करायचं का? गाडी देताना शोरूममध्ये एवढंच सांगितलं, "डी टाका आणि चला."

सपाट रस्त्यावर "डी टाका आणि चला" हे खरंच आहे, पण घाटात ते पुरत नाही. गिअरबॉक्सला गाडीचा वेग, इंजिनचे फेरे आणि तुमचा पाय रेसवर किती आहे एवढं कळतं. काही गाड्यांना चढ-उतारही कळतो. पुढचं वळण, वळणापलीकडून येणारी एसटी, ओला उतार हे मात्र फक्त तुम्हाला दिसतं. म्हणून घाट, कोंडी आणि पाणी या तीन ठिकाणी गिअरबॉक्सला आधी सांगून ठेवायचं असतं, आणि त्याचसाठी कंपनीने एम (मॅन्युअल, गिअर आपण निवडायचा), एस (स्पोर्ट, इंजिनचे फेरे चढे ठेवणारा), एल (लो, सगळ्यात खालचा) किंवा स्टिअरिंगमागचे पॅडल दिलेले असतात. ते शोभेला नाहीत.

सगळ्यात आधी तुमची ऑटोमॅटिक कुठल्या जातीची आहे ते पाहा. आपल्याकडे चार प्रकार सर्रास मिळतात आणि चौघांची वागणूक वेगळी आहे. एएमटी म्हणजे मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, साधी क्लच प्लेट असलेला. तुमच्या डाव्या पायाचं आणि हाताचं काम एक यंत्र करतं, इतकाच फरक. मारुतीच्या छोट्या गाड्या आणि टाटाच्या टियागो, पंचमध्ये हा असतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल असतं. तेलातून जोर पुढे जातो, म्हणून तो सगळ्यात मऊ आणि कोंडीत सगळ्यात सोशिक. सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअरच नसतात. दोन पुल्या आणि त्यांवर पोलादी पट्टा, पुल्यांची रुंदी बदलत राहते. होंडा सिटीत हा असतो. डीसीटी म्हणजे दोन क्लच, एक विषम गिअरांचा आणि एक सम गिअरांचा. गिअर पापणी लवायच्या आत बदलतो, पण ज्यांचे क्लच कोरडे आहेत, म्हणजे तेलात बुडलेले नाहीत, त्या गाड्या कोंडीत तापतात. गाडीच्या पुस्तिकेत प्रकार लिहिलेला असतोच. घरबसल्या ओळखायची एक खूण म्हणजे लिव्हरवर पी नसेल तर बहुतेक वेळा ती एएमटी असते.

आता पाय. मॅन्युअलवरून आलेल्या माणसाचा सगळ्यात मोठा धोका गिअरबॉक्समध्ये नसतो, डाव्या पायात असतो. समोर अचानक कुत्रा आला की पंधरा वर्षांची सवय डाव्या पायाला क्लच दाबायला लावते. तिथे आता क्लच नाही. तिथपर्यंत येतो तो ब्रेकचा रुंद पेडल, आणि डावा पाय तो क्लचसारखा मुळापर्यंत दाबतो. गाडी जागच्या जागी थांबते आणि मागचा येऊन आदळतो. म्हणून पहिले पंधरा दिवस डावा पाय मुद्दाम मागे, सीटकडे ओढून ठेवा. नंतर तो डावीकडच्या पायटेकावर ठेवा आणि तिथून हलवू नका.

उजवा पाय दोन्ही पेडलांना एकच. टाच ब्रेकच्या समोर जमिनीवर टेकवा आणि रेससाठी फक्त चवडा उजवीकडे फिरवा. टाचच उचलून इकडेतिकडे नेत राहिलात, तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये मान मागे वळवून रिव्हर्स घेताना पाय कुठे आहे हे कळत नाही. भिंतीला, खांबाला धडकणाऱ्या ऑटोमॅटिक गाड्यांची गोष्ट बहुतेक वेळा हीच असते: ब्रेक समजून रेस दाबली, गाडी उडाली, घाबरून "ब्रेक" आणखी जोरात दाबला. पार्किंगमध्ये रेसला पाय लावायचाच नाही. ब्रेक हळूहळू सोडला की गाडी आपोआप सरकते, ब्रेक दाबला की थांबते. मधे छोटी पायरी किंवा पाइप आला आणि गाडी अडली, तर रेस देऊन चढवू नका. पायरी ओलांडताच गाडी उसळी मारते आणि पुढे भिंतच असते. उतरून पाहा, जमलं तर कोन बदला.

पायाखालचंही पाहून घ्या. रबरी मॅटवर दुसरी मॅट नको, सैल चप्पल नको आणि दाराच्या कप्प्यात नीट न बसणारी पाण्याची बाटली तर अजिबात नको. घाट उतरताना ती घरंगळत पुढे येते आणि ब्रेकच्या मागे अडकते.

गाडी सुरू करताना लिव्हर पी किंवा एन वर आणि ब्रेक दाबलेला. सकाळी थंड इंजिनचे फेरे जास्त असतात. ते हजाराच्या खाली यायला अर्धा-एक मिनिट लागतं, तेवढं थांबा. डी टाका, हलका धक्का जाणवू द्या, मग ब्रेक सोडा. डी वरून आर (रिव्हर्स) किंवा आर वरून डी करताना गाडी पूर्ण थांबलेली हवी. तीन वेळा पुढे-मागे करून गाडी वळवताना ती अजून सरकत असतानाच लिव्हर ओढायची सवय अनेकांना असते. त्यात गाडीच्या वजनाचा झटका आतल्या क्लचांवर बसतो आणि तो लगेच दिसत नाही, वर्षभराने दिसतो.

सिग्नलला काय करायचं? अर्धा-पाऊण मिनिट असेल तर डी मध्ये ब्रेक दाबून थांबा, काहीही बिघडत नाही. मिनिटाच्या वर असेल तर एन आणि हँडब्रेक. पुन्हा निघताना आधी ब्रेक, मग डी, मग हँडब्रेक खाली. एन मध्ये एक धोका आहे. सिग्नल सुटतो, आपण एन मध्ये आहोत हे विसरून रेस देतो, इंजिन ओरडतं, मागून हॉर्न वाजतो आणि रेसवर पाय असतानाच डी ओढला जातो. हा दणका कुठल्याच गिअरबॉक्सला मानवत नाही. असं झालं तर पाय पूर्ण उचला, फेरे खाली येऊ द्या, ब्रेक दाबा आणि मगच डी. त्या दोन सेकंदांत मागच्याने दोनदा आणखी हॉर्न वाजवला तरी वाजवू द्या.

डीसीटी आणि एएमटीत आणखी एक बारकावा आहे. ब्रेक नीट दाबला की गाडी क्लच पूर्ण उघडते आणि आत काहीच घासत नाही. ब्रेक अर्धवट दाबून गाडी कासवासारखी सरकवत ठेवली की क्लच अर्धा लागलेला राहतो. मॅन्युअलमध्ये हाफ क्लचवर गाडी चालवल्यासारखंच ते, फक्त तुमच्या पायाला कळत नाही. म्हणून कोंडीत पुढचा हातभर सरकला की आपणही हातभर, असं करू नका. दोन-तीन गाड्यांएवढी जागा होऊ द्या, मग एकदम निघा आणि पुन्हा पूर्ण थांबा. मधल्या जागेत रिक्षा घुसेल. घुसू द्या, क्लचचा खर्च त्याहून मोठा आहे.

चढावरच्या कोंडीत हे दुप्पट महत्त्वाचं. शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात वाहनं थांबतात, तेव्हा बरेच जण ब्रेक सोडून रेसच्या जोरावर गाडी चढावर धरून ठेवतात. एएमटी आणि कोरड्या डीसीटीची प्लेट जाळायचा याहून सोपा उपाय नाही. टॉर्क कन्व्हर्टरचं तेलही यात तापतंच. चढावर गाडी फक्त ब्रेकने धरायची. हिल होल्ड असेल तर ब्रेक सोडल्यावर साधारण दोन सेकंद गाडी मागे जात नाही, तेवढ्यात रेस द्यायची. हिल होल्ड नसलेली एएमटी मात्र मागे येते, आणि मॅन्युअलपेक्षा जास्त येते, कारण क्लच केव्हा पकडायचा हे तुमच्या पायात नाही. तिथे जुनी रीतच वापरा: हँडब्रेक ओढलेला, डी, हलकी रेस, गाडीचं नाक किंचित उचललेलं जाणवलं की हँडब्रेक सोडा. बेसमेंटच्या तीव्र रॅम्पवरही हेच. रॅम्पवर आधीची गाडी पूर्ण वर गेल्याशिवाय आपली चढवायचीच नाही, म्हणजे मधे थांबायची वेळ येत नाही.

डीसीटीच्या पडद्यावर गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली किंवा जळका वास आला, तर सुरक्षित जागी बाजूला घ्या, पी टाका, इंजिन चालू ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. सूचना आल्यावरही रेटत राहिलात तर गाडी स्वतःच क्लच सोडून देते, आणि ते घाटाच्या मधोमध होऊ शकतं.

चढ चढताना एक त्रास हमखास होतो. गाडी भरलेली, एसी चालू, आणि गिअरबॉक्स तिसरा-चौथा-तिसरा-चौथा करत राहतो. तो चुकत नसतो. तुम्ही वळणावर पाय उचलता, त्याला वाटतं सपाट आलं, तो वरचा गिअर टाकतो. वळण संपतं, तुम्ही रेस देता, तो पुन्हा खाली येतो. अशा वेळी एम टाकून तिसरा किंवा दुसरा धरून ठेवा, नाहीतर एस. एएमटीत तर हे करायलाच हवं, कारण नेमक्या नागमोडी वळणाच्या पोटात तो गिअर बदलायला घेतो आणि अर्धा सेकंद चाकांना जोरच मिळत नाही. वळणाच्या आधी गिअर खाली, वळणात तोच, बाहेर पडल्यावर पुढचा.

आता उतार, म्हणजे प्रश्नाचा गाभा. पुण्याहून जाताना ताम्हिणी तुम्ही मुख्यतः उतरता, आणि गाडी भरलेली आहे. डी मध्ये ठेवून ब्रेकवर उतरलात तर सुरुवातीला सगळं ठीक वाटेल. तुम्ही रेस सोडली की बहुतेक गिअरबॉक्स पेट्रोल वाचवण्यासाठी वरचा गिअर टाकतात. वरच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला अडवत नाही, गाडी सुटते, सगळं वजन ब्रेकवर येतं. ब्रेक वेगाची उष्णता करतो, आणि ती उष्णता जायला वेळ मिळाला नाही की दोन गोष्टी होतात. पॅडची पकड कमी होते, म्हणजे पेडल टणक असतो पण गाडी थांबत नाही. त्याहून वाईट, ब्रेकच्या तेलाला उकळी येते. डॉट ४ जातीचं नवं तेल २३० अंश सेल्सिअसला उकळतं. पण हे तेल हवेतली ओल शोषतं, आणि पुरेशी ओल शिरली की तोच आकडा १५५ वर येतो. डॉट ३ असेल तर २०५ वरून १४०. उकळलेल्या तेलात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, तेल दाबलं जात नाही. मग पेडल स्पंजासारखा खाली जातो आणि खाली काहीच नसतं. कोकणासारख्या दमट हवेत हे तेल दर दोन वर्षांनी बदलायलाच हवं, गाडी किती चालली याचा इथे संबंध नाही.

म्हणून घाटाच्या तोंडाशी, उतार सुरू होण्याआधी, वेग चाळीसच्या आसपास आणा आणि एम टाकून दुसरा किंवा तिसरा गिअर धरा. सीव्हीटीत एस, आणि तीव्र उतारावर एल. पॅडल असतील तर डावा, म्हणजे वजावाला, दाबा. योग्य गिअर कुठला हे ओळखायची कसोटी सोपी आहे: दोन्ही पेडलांवरून पाय काढला तर गाडीचा वेग तसाच राहायला हवा किंवा अगदी हळू वाढायला हवा. भराभर वाढत असेल तर आणखी एक गिअर खाली. जुने ड्रायव्हर सांगतात की ज्या गिअरने चढशील त्याच गिअरने उतर. ते ऑटोमॅटिकलाही लागू आहे. इंजिनचे फेरे तीन हजारांवर जातील, आवाज वाढेल, घरचे विचारतील गाडीला काय झालं. काही झालेलं नाही. रेस न देता इंजिन फिरतंय म्हणजे ते गाडीला मागे धरून ठेवतंय.

ब्रेक लागेलच, पण सतत टेकवून ठेवायचा नाही. वेग वाढला की तीन-चार सेकंद नीट दाबून खाली आणा आणि पूर्ण सोडा. सोडलेल्या वेळात डिस्क हवेवर थंड होते. सतत हलका पाय ठेवणारा माणूस सावध वाटतो, पण ब्रेक तोच जाळतो. एएमटीवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवायचं. चालण्याच्या वेगाइतके हळू झालात की एएमटी क्लच उघडते आणि इंजिनचा अडसर एकदम नाहीसा होतो. तीव्र वळणावर अगदी हळू झालात की गाडी अचानक मोकळी सुटल्यासारखी वाटते ती यामुळे. त्या क्षणी पाय ब्रेकवर हवा.

उतारावर एन कधीही नाही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार या कारणाने कुप्रसिद्ध आहे. डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलमध्ये सोडतात आणि खाली येईपर्यंत ब्रेक संपलेले असतात. बचतीचा हिशेबही खोटा आहे. आजच्या इंजेक्शन इंजिनात गिअर लागलेला असताना रेस सोडली की इंधन जवळपास बंदच होतं, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. एन टाकला की इंजिनाला चालू राहायला इंधन प्यावंच लागतं.

इलेक्ट्रिक किंवा स्ट्राँग हायब्रिड गाडी असेल तर बी (गाडीला जास्त अडवणारी लिव्हरची जागा) किंवा जास्तीचं रिजनरेशन (चाकं अडवून वीज परत बॅटरीत घेणं) वापरा. पण घाटमाथ्यावर बॅटरी शंभर टक्के भरून उतरायला सुरुवात करू नका. भरलेल्या बॅटरीत वीज परत घ्यायला जागा नसते आणि ज्या अडसरावर तुम्ही विसंबून आहात तो मिळत नाही. ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवा.

ब्रेक खरोखरच गेले, तर? पेडल भराभर पंप करा, थोडा दाब परत येऊ शकतो. एम मध्ये एकेक गिअर खाली आणा. इंजिनला झेपणार नाही एवढा खालचा गिअर गाडी स्वीकारत नाही, म्हणून दर वेळी वेग थोडा उतरला की पुन्हा मागा. हँडब्रेक बटण दाबून धरून थोडा थोडा ओढा, एकदम ओढलात तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरेल. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर त्याचा खटका ओढून धरून ठेवा. बहुतेक गाड्यांत चालत्या गाडीतही तो आणीबाणीचा ब्रेक म्हणून काम करतो. आणि दरीच्या नाही, डोंगराच्या बाजूला घ्या. याच्या उलट प्रसंग, म्हणजे रेसच अडकली, तर इथे पंप करू नका, एकदाच पूर्ण जोराने ब्रेक दाबा आणि एन टाका. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्या. गाडी थांबल्यावर बंद करा. चालत्या गाडीत इंजिन बंद केलं तर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदतही जाते.

उतारावर गाडी लावणं. पी म्हणजे आत नक्की काय होतं हे एकदा डोळ्यांसमोर आणा: बोटाएवढा एक पोलादी तुकडा गिअरबॉक्समधल्या दातेरी चाकात जाऊन अडकतो. बस, एवढंच. दीड टन गाडी आणि पाच माणसांचं सामान त्या बोटावर टांगायचं नसतं. क्रम असा ठेवा. ब्रेक दाबून थांबा. एन टाका. हँडब्रेक पूर्ण ओढा. आता पायातला ब्रेक हळूच सोडा, गाडी दोन-चार बोटं सरकून हँडब्रेकवर बसेल. पुन्हा ब्रेक दाबा, पी टाका, इंजिन बंद. निघताना उलटं: ब्रेक, इंजिन सुरू, डी किंवा आर, शेवटी हँडब्रेक. आधी पी टाकून मग हँडब्रेक ओढणाऱ्यांची गाडी सगळी पी वर रेलते. निघताना लिव्हर घट्ट होते आणि सुटताना "खट्ट" असा मोठा आवाज येतो. तो आवाज तुमच्या गाडीत येत असेल तर क्रम चुकतोय. गाडी सरकत असताना पी टाकला तर दात नुसते घासले जातात आणि तो तुकडा मोडूही शकतो.

एएमटीत पी नाही, म्हणून हँडब्रेक हाच मुख्य आधार. इंजिन बंद केल्यावर बहुतेक एएमटीत लागलेला गिअर तसाच राहतो. म्हणजे चढाकडे तोंड असेल तर पहिला, उताराकडे असेल तर आर ठेवून इंजिन बंद करायचं, मॅन्युअलसारखंच. तुमच्या गाडीची नेमकी पद्धत पुस्तिकेत वाचा आणि बंद करण्याआधी पडद्यावर कुठला गिअर दिसतोय ते पाहा. कुठलीही गाडी असो, घाटात पुढची चाकं डोंगराकडे वळवून ठेवा आणि चाकाला दगड लावा. निघताना तो दगड रस्त्यावर सोडून जाऊ नका, मागून दुचाकी येते.

ऑटो होल्डवर (थांबल्यावर गाडी स्वतःच ब्रेक धरून ठेवते तेव्हा) किंवा स्टार्ट-स्टॉपने इंजिन आपोआप बंद झालेलं असताना, डी मध्येच, गाडीतून उतरू नका. टपरीवर चहा घ्यायला, मोदकांचं पातेलं उतरवायला, कशालाच नाही. गाडी शांत आहे म्हणजे बंद आहे असं नाही.

आता पाऊस. ओल्या रस्त्यावर क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय) वापरू नका. चाक पाण्यावर तरंगलं की गाडीला वेग कमी झाल्यासारखा वाटून ती रेस वाढवू शकते. ओव्हरटेकसाठी रेस एकदम मुळापर्यंत दाबली की गिअरबॉक्स एक-दोन गिअर खाली येतो आणि पुढची चाकं घसरू शकतात. शिवाय तो खाली यायला अर्धा ते एक सेकंद घेतो, एएमटी त्याहून जास्त. महामार्ग बराच चौपदरी झाला असला तरी वळवलेले एकेरी तुकडे लागतात. तिथे समोरच्या गाडीच्या मागे असतानाच एम मध्ये एक गिअर खाली घ्या, मग बाहेर पडा. रेस दाबून गाडी विचार करत बसली आणि समोरून टेम्पो येतोय, अशी वेळ त्यामुळे येत नाही.

साचलेलं पाणी: चाकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे नटांच्या पातळीपर्यंत, पाणी असेल तर बहुतेक गाड्यांची मर्यादा आली. वाहतं पाणी असेल तर त्याहून कमी असतानाही जायचं नाही. जायचंच असेल तर एम मध्ये पहिला, सीव्हीटीत एल, फेरे दीड-दोन हजारांवर स्थिर, मधे थांबणं नाही, रेस सोडणं नाही. डी मध्ये गेलात तर एएमटी पाण्याच्या मधोमध दुसरा टाकायला जाते, तेवढ्यात जोर तुटतो. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. खोल पाण्यातून आल्यावर गिअरबॉक्सचं तेलही तपासून घ्या. त्याला श्वास घ्यायची एक नळी असते, तिथून पाणी शिरतं आणि तेल दुधाळ दिसतं. पाण्यातून बाहेर पडल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून वाळवा.

गावाकडच्या लाल मातीच्या उतारावर चाक फिरत राहिलं तर रेस वाढवू नका. सीव्हीटीत फिरणाऱ्या चाकाने अचानक पकड घेतली की सगळा झटका पट्ट्यावर येतो. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की जोर कमी करणारी यंत्रणा) तात्पुरता बंद करा, एम मध्ये दुसरा जमत असेल तर दुसऱ्यानेच हळू निघा, चाकाखाली झावळ्या, गोणपाट किंवा खडी टाका. डी-आर-डी-आर करत गाडी झुलवायची युक्ती दोन-तीनदाच, आणि दर वेळी पूर्ण थांबून.

निघण्याआधी आठवडाभर या खुणांकडे लक्ष द्या: डी टाकल्यावर गाडी पकडायला दोन सेकंद घेते, फेरे वाढतात पण वेग नाही, निघताना थरथरते. यातलं काहीही असेल तर आधी दाखवून घ्या, घाटात ते वाढणारच. गिअरबॉक्सचं तेल "आयुष्यभराचं" असं सांगितलं जातं, त्यावर मी विसंबून राहणार नाही. आपल्या उन्हात आणि कोंडीत टॉर्क कन्व्हर्टरचं तेल साधारण साठ-ऐंशी हजार किलोमीटरला, सीव्हीटीचं चाळीस-साठ हजारांत बदललेलं बरं. कंपनीने याहून कमी आकडा दिला असेल तर तो पाळा. तेल मात्र कंपनीने सांगितलेल्याच जातीचं हवं. सीव्हीटीत साधं ऑटोमॅटिकचं तेल टाकलं तर पट्टा घसरायला लागतो.

आणि गावी अंगणात एकामागे एक गाड्या लागतात, त्याचं काय? "न्यूट्रल ठेव, लागली तर ढकलू" हे एएमटीत सपाट जागेवर जमतं. इतर ऑटोमॅटिक पी मध्ये असते, ढकलून हलत नाही. तेव्हा सगळ्यात शेवटी लावा नाहीतर किल्ली घरात देऊन ठेवा. बॅटरी उतरली तर ढकलून सुरू होत नाही, जंप केबल डिकीत हवी. लिव्हर पी मध्येच अडकली असेल तर अनेक गाड्यांत लिव्हरजवळ एक छोटं झाकण असतं. ब्रेक दाबून धरा, झाकण काढून आत किल्ली किंवा स्क्रू ड्रायव्हर दाबा, लिव्हर सुटते. त्याआधी हँडब्रेक ओढलेला असू द्या.

गाडी ओढून न्यायची वेळ आली तर दोराने नाही. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीमध्ये तेलाचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरताहेत म्हणजे आतले भाग कोरडे घासताहेत. मदतीला फोन कराल तेव्हा पहिल्याच वाक्यात सांगा की गाडी ऑटोमॅटिक आहे, चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेड पाठवा. नुसती क्रेन आली तर इंजिनचा जोर ज्या चाकांना जातो ती, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढची, उचलूनच न्यायला सांगा.